अलकाच्या नावानं

“अलका वाघ कौन हैं?” चौकशी समितीच्या अध्यक्षांनी विचारलं आणि खोलीत कुणी हललं नाही. समोरच्या पडद्यावर ते नाव इंग्रजी लहान अक्षरांत उमटलेलं होतं. त्याच्या खाली त्या नावाला काय काय करता येतं त्याची ओळ होती: नमुना तपासणे, पिशवी पडताळणे, पिशवी देणे. लॅपटॉपवर उदयचा हात होता. टोकन उलगडून पडद्यावर त्यानंच टाकलं होतं आणि आता इतरांसारखा तोही मान वर करून पाहत होता, जणू काही ते कुणा दुसऱ्यानं लिहिलेलं आहे. टेबलाच्या पलीकडे मोहरी रंगाची शाल घेतलेली बाई बसली होती. तिची नजर टेबलाच्या कडेवर होती, तिथला सनमायका उचकटला होता तिथे. रक्तपेढीचे व्यवस्थापक सक्सेना तिच्याकडे वळून म्हणाले, “मैडम, आपको पूछ रहे हैं.” तेव्हा कुठे तिनं वर पाहिलं. “जी. मैं ही हूँ.” मधला वेळ फारसा नव्हता, एखादा घोट पाणी पिऊन होईल इतकाच. पण समितीतल्या वकिलानं तेवढ्यात काहीतरी टिपून घेतलं, आणि ते पेन हललेलं उदयनं पाहिलं. जी बाई आपल्याच नावाला ओ द्यायला उशीर लावते ती काहीतरी लपवत असणार, असं त्या पेनाचं म्हणणं होतं. आणि उदयला, त्या खोलीतल्या एकट्या उदयला, माहीत होतं की तिनं लपवलं नव्हतं. तिला ऐकू आलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात लग्न झाल्यापासून तिला कुणी अलका म्हणत नव्हतं.

अशोका गार्डनमधल्या त्या खासगी रक्तपेढीतून आठवड्यापूर्वी संध्याकाळी एक पिशवी बाहेर गेली. रायसेन रोडकडच्या एका बाळंतिणीसाठी. बाईचं रक्त ओ आणि पिशवी बीची. बाळंतीण दुसऱ्या दिवशी वारली, मूल आहे. पेढीचा नियम असा की एकानं रक्त जुळवायचं आणि दुसऱ्यानं, वेगळ्या माणसानं, पिशवी हातात घेऊन पुन्हा पडताळायची. दोन नावं लागल्याशिवाय संगणक पिशवी सोडत नाही. हा नियम नऊ वर्षांपूर्वी उदयनं जावा या संगणकाच्या भाषेत लिहिला होता. तपासणारा आणि पडताळणारा एकच असेल तर विनंती नाकार, अशी साधी, सरळ अट. त्या संध्याकाळी अट नीट चालली होती. तपासलं होतं विजया निरगुडकरनं. पडताळलं होतं अलका वाघनं. दोन नावं. नियमात कुठे खोट नव्हती. फक्त त्या दोघी आज समितीपुढे एकाच खुर्चीवर मोहरी रंगाची शाल घेऊन बसल्या होत्या.

अध्यक्ष निवृत्त डॉक्टर होते, थकलेले आणि सभ्य. ते उदयला म्हणाले, “देखिए, मैं पुराने ज़माने का आदमी हूँ. मुझे एक बात बता दीजिए. यह जो टोकन है, यह इन्हीं का है कि नहीं?” उदयनं तोंड उघडलं. हो म्हटलं तर ते खरं होतं. नाही म्हटलं तर खोटं. या दोहोंच्या मध्ये जे होतं ते सांगायला बराच वेळ लागला असता, आणि सक्सेना घड्याळाकडे पाहत होते. “लिखित में दे दूँगा, सर. आज शाम तक,” तो म्हणाला. आपला आवाज इतका स्थिर कसा, याचं त्याला नवल वाटलं.

टोकन म्हणजे तसं काही गूढ नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत त्यानं ते आईलाही समजावून दिलं होतं, ताटावर बसल्या बसल्या. जत्रेत शिरताना दारावरचा माणूस आपल्याला नाव-गाव विचारतो, पटलं की मनगटावर शिक्का मारतो. मग आतल्या पाळण्यांवरची, खेळांवरची माणसं आपल्याला ओळखत नाहीत, ओळखायचा प्रयत्नही करत नाहीत. शिक्का खरा आहे का आणि त्या शिक्क्यावर कुठपर्यंत जाता येतं, एवढंच बघतात. तू कोण हा एक प्रश्न आणि तुला काय करता येतं हा दुसरा. दोन्हींची उत्तरं शिक्क्यातच असतात. सर्व्हरला स्मरण लागत नाही, ही त्यातली खुबी. हजार माणसं आली तरी तो कुणाला लक्षात ठेवत नाही. आई भात कालवता कालवता थांबली होती. “आणि एखाद्याला जत्रेतून हाकलून दिलं तर?” तिनं विचारलं होतं. “त्याच्या मनगटावरचा शिक्का कोण पुसतं?” तेव्हा उदय हसला होता. कुणी पुसत नाही, तो म्हणाला होता, शिक्क्याची शाईच थोड्या वेळात उडते. मुदत असते ना त्याला. म्हणून ते छोट्या मुदतीचं ठेवायचं आणि मुदत संपली की पुन्हा दारावर जाऊन नवा शिक्का घ्यायचा. तेव्हा दारावरचा माणूस बघतो, हा अजून आपल्यातला आहे ना. आईला ते पटलं होतं. बरोबर आहे, अधूनमधून विचारत राहायला हवं, ती म्हणाली होती.

आणि नेमकं तेच विचारणं उदयनं काढून टाकलं होतं. अशोका गार्डनमध्ये त्या काळी नेट धड चालत नसे, रेल्वे लाइनकडच्या बाजूला तर मुळीच नाही. रक्त जुळवता जुळवता मध्येच पडदा कोरा होई आणि पुन्हा लॉगिन मागत असे. सक्सेनांचे फोन येत. “उदय भाई, यहाँ आदमी मर रहा है और आपकी मशीन पासवर्ड माँग रही है.” तेव्हा त्यानं असं केलं की जुन्या शिक्क्याची सही खरी असली की नवा शिक्का देऊन टाकायचा. डेटाबेसपर्यंत जायचं नाही, खातं चालू आहे की बंद हे बघायचं नाही, जुन्या शिक्क्यातले अधिकार जसेच्या तसे नव्यात उचलायचे. काम झटक्यात होऊ लागलं. सक्सेनांनी दिवाळीला मिठाई पाठवली. जो रोज येतो त्याचा शिक्का कधीच उडणार नाही, खातं बंद केलं तरी, हे त्याला त्या वेळी दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं आणि त्यानं मनात म्हटलं होतं, नंतर बघू. असं नंतरसाठी ठेवलेलं पुष्कळ काही त्या प्रणालीत नऊ वर्षं सुखानं राहत होतं.

जिन्याच्या वळणावर ती त्याची वाट पाहत उभी होती. खालून फिनेलचा वास येत होता. “दादा,” ती म्हणाली. फोनवरही ती त्याला दादाच म्हणाली होती, लग्नानंतर महिनाभरानं. भोपाळमध्ये मराठी ऐकू आलं की माणसं लगेच नात्यात शिरतात. त्या फोनवर ती हसत होती. सासरी नाव बदललंय हो, आधार झालं, बँक झाली, आता तुमच्या मशिनीत तेवढं विजया करून द्या. आणि उदय म्हणाला होता, नाव बदलता येत नाही, सगळ्या जुन्या नोंदी नावाला बांधलेल्या आहेत. नवीन खातं काढा. “अहो पण नवीन खातं काढलं तर मी नवी होते ना. ट्रेनी. पडताळणीचा अधिकारच नाही येत.” नियम आहे तो, नव्या माणसाला सुरुवातीला नसतो. “पण मी नवी कुठेय? तीच आहे मी.” ती अजून हसतच होती. सिस्टीमला ते कळत नाही, असं म्हणून त्यानं फोन ठेवला होता. सिस्टीमला ते कळत नव्हतं कारण उदयनं माणसाची ओळख त्याच्या नावावर ठरवली होती. प्रत्येकाला एक न बदलणारा क्रमांक द्यायचा आणि नाव त्याला नुसतं चिकटवायचं, हे कॉलेजातलं पोरगंही करतं. ज्यानं ते केलं नाही तो अशा घरातून आला होता, जिथे बाईचं नाव लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून बदलतात.

“त्या पिशवीला मी हात लावला नाही,” ती जिन्यावर म्हणाली. “जुळवलं मी. ओच जुळवलं, बरोबर जुळवलं. मग डोनर आला म्हणून आत गेले. फ्रिजमधून पिशवी कुणी काढली, काउंटरवर कुणी क्लिक केलं, मला नाही माहीत. तिथे अलका उघडीच असते ना. सगळ्यांनाच माहितेय.”

“उघडी म्हणजे?”

“म्हणजे काय दादा. शिफ्टला माणसं नसतात. दुसरी सही कुणाची आणायची? सक्सेना सरच म्हणायचे, अलका को बुला लो, वो तो कभी छुट्टी पे नहीं जाती. हसायचे सगळे. डबल रोल म्हणायचे मला.” तिनं शाल सारखी केली. मग खालच्या पायऱ्यांकडे बघत, आवाज उतरवून म्हणाली, “जुनं खातं बंद केल्यावरही ते चालतंय हे पहिल्यांदा मलाच दिसलं. मी सांगितलं नाही कुणाला. उलट रोज सकाळी आल्या आल्या मीच एकदा उघडायची. लॅप्स होऊ नये म्हणून.”

“का पण?”

“तिथे मी सीनियर होते,” ती म्हणाली. “हे त्यांना सांगू नका. एवढंच सांगा की ते कुणीही दाबू शकत होतं. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. तुम्हीच बनवलंय ना ते.”

फाटकाशी तिचा नवरा अजिंक्य मोटारसायकल लावून उभा होता. हेल्मेट काढलेलं नव्हतं, नुसती काच वर केली होती. ती गाडीपाशी गेली तेव्हा तो बाजूला होऊन उदयजवळ आला. “सर, एक विचारू? हे सगळं त्या अलका नावावर आहे ना?” नाव त्यानं असं घेतलं की जणू ती दूरची कुणी पाहुणी. “नाही, आमचे बाबा म्हणत होते, कोर्ट-कचहरी होईल तर तिच्या माहेरचे बघतील. अलका वाघ त्यांची. आमच्याकडे विजया आहे, तिचा रेकॉर्ड क्लीन आहे. तसं लिहून मिळेल का?” उदय त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. चेष्टा नव्हती. चांगला मुलगा होता, चिंतेत होता, आपल्या परीनं बायकोला वाचवत होता. मागे ती एका बाजूला दोन्ही पाय सोडून सीटवर बसली होती आणि रस्त्याकडे बघत होती. तिनं ऐकलं की नाही ते कळलं नाही. “बघतो,” उदय म्हणाला.

अरेरा कॉलनीतल्या ऑफिसपर्यंतचा रस्ता त्याला नंतर आठवेना. आठवत होतं ते एक वेगळंच. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हाचं. भूल उतरत नव्हती. नर्स गालावर हलकं थोपटत हाक मारत होती, कमलिनी जी, कमलिनी जी, आँख खोलिए. त्यानंही मारली, आई, आई. डोळे मिटलेलेच. डॉक्टरच्या कपाळावर पहिली आठी पडलेली त्यानं पाहिली. तेवढ्यात नागपूरहून आलेली कुसुममावशी पुढे झाली, वाकली आणि अगदी साध्या आवाजात, विहिरीवर जाऊ या का असं विचारावं तशी म्हणाली, “लीले, ऊठ.” आणि आईनं डोळे उघडले. सगळे हसले, नर्सही हसली. उदयनं हसता हसता पलंगाची दांडी धरली होती. इतकी वर्षं या बाईला आपण हाक मारतो आहोत, ती हाक आत खोल कुठेतरी बसलेल्या भलत्याच कुणापर्यंत पोचतच नव्हती. ती मुलगी, लीला, तिथे तशीच होती, आणि तिला फक्त मावशीचा आवाज माहीत होता. आईचं लग्न नागपूरला झालं. राजधानी नागपूरहून हलली तेव्हा आजोबा सचिवालयाच्या फायलींबरोबर भोपाळला आले होते, टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये, सून मात्र नागपूरची हवी म्हणून वऱ्हाड तिकडे गेलं. घरात एक लीला आधीच होती, वडिलांची बहीण. एका घरात दोन लीला कशा चालणार, म्हणून ताटात कमलिनी लिहिलं. लीलाआत्याचं पुढच्याच वर्षी लग्न झालं आणि ती इंदूरला जाऊन शालिनी झाली. म्हणजे त्या घरातलं लीला हे नाव रिकामं झालं. पण ते परत कुणी आईला दिलं नाही. तसं कुणाला सुचलंही नसेल.

गौरांग त्या लेखी उत्तराची वाटच पाहत होता. उदय नोकरीला होता ती सॉफ्टवेअर कंपनी त्याच्या वडिलांची. तिशीचा, भराभर बोलणारा, मनानं वाईट नसलेला मुलगा. उदयनं दुपारभर बसून उत्तर लिहिलं होतं. आधी टोकन कसं चालतं, मग नूतनीकरणाच्या, म्हणजे नवा शिक्का देण्याच्या वेळी खातं तपासलं जात नाही ते, मग बंद केलेल्या खात्याचं टोकन त्या काउंटरच्या संगणकावर कसं जिवंत राहिलं, आणि शेवटी असं की हे टोकन ज्याच्या हातात त्याचं; सर्व्हरला नाव कळतं, हात कळत नाही. हे शेवटचं वाक्य त्यानं दोनदा वाचून ठेवलं होतं. ते त्याला आवडलं होतं, आणि आवडलं म्हणून त्याची लाजही वाटली होती.

गौरांगनं वाचलं आणि खुर्ची मागे सरकवली. “उदयजी, कमिटीचा सवाल काय होता?”

“टोकन तिचंच का.”

“मग? आहे की नाही?”

“आहे. पण—”

“तो ‘पण’ त्यांनी विचारलाच नाही ना. हे बघा, मी तुम्हाला झूठ लिहायला सांगतोय का? नाही. एक सवाल, एक जवाब. वरचे तीन पॅरे काढा. टोकन वैध होतं, त्या नावाला जारी झालेलं होतं, सही बरोबर होती. यात एक शब्द खोटा असेल तर दाखवा.” उदयला दाखवता येईना. “आणि ते नूतनीकरणाचं आजच बंद करा. टोकनांवर सही करणारी ती चावी बदला. अजून एखादी पिशवी गेली तर तुम्ही-मी दोघे आत.”

“चावी बदलली तर जुनी सगळी टोकनं मरतील.”

“मरू द्या ना. तेच पाहिजे.”

“मग हे असं चालत होतं, हे कुणाला करून दाखवता येणार नाही. आज त्या काउंटरवर जाऊन अध्यक्षांच्या डोळ्यांसमोर करून दाखवता येतं. बंद झालेल्या खात्यावर. त्यांना टेक्निकल काही समजावं लागत नाही, नुसतं दिसतं.”

गौरांग टेबलावरचा काचेचा पेपरवेट फिरवत म्हणाला, “म्हणजे तुमचं म्हणणं, ते तसंच उघडं ठेवायचं? कमिटी पुढच्या हप्त्यात बसेल तोवर? आणि तोवर काउंटरवर जो येईल तो अलका बनेल?” फिरता पेपरवेट त्यानं हातानं थांबवला. “घरी तुमच्या आई आहेत. ईएमआय असेल. मी धमकी नाही देत, उदयजी. मलाही झोप नाही लागत.”

यातलं खरं दुखणं हे होतं की गौरांग चुकत नव्हता. दार उघडं ठेवणं गुन्हा होता. दार लावलं की ते उघडं होतं हे सांगणारा फक्त उदय उरणार होता. जुन्या कोडची प्रत साठ्यात राहील, पण ती कुणी मागितल्याशिवाय निघणार नाही, आणि काय मागायचं हे ज्यांना कळत नाही ते कधी मागत नसतात. एक तिसरी वाट होती. आत्ता उठायचं, अध्यक्षांना फोन करायचा, म्हणायचं, तासाभरात काउंटरवर या, तुम्हाला दाखवतो आणि मग लगेच बंद करतो. त्यांचा नंबर त्याच्याकडे होता. सकाळी त्यांनी स्वतःच दिला होता. उदयनं फोन हातात घेतला, नंबर पडद्यावर आणला. खालच्या रस्त्यावर शाळेची बस थांबली, मुलं उतरली, एक बाई कुणाला तरी पाण्याच्या बाटलीवरून रागावत होती. त्यानं त्या बाईचं रागावणं संपेपर्यंत ऐकलं. अध्यक्ष विचारतील, हे असं कुणी बनवलं? मग विचारतील, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? दुसऱ्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर होतं आणि ते नऊ वर्षांचं होतं. फोनचा पडदा आपोआप विझला. तो त्यानं पुन्हा उजळला नाही.

तीन परिच्छेद काढल्यावर उरलेलं इतकं थोडं होतं की पानाचा बराचसा भाग पांढराच राहिला. त्यानं सही केली, तीही डिजिटल. यंत्रानं त्याला ओळखलं, तारीख-वेळ चिकटवली, हिरवी खूण दिली. मग त्यानं चावी बदलली. खातं तपासायची ती अट, जी नऊ वर्षं नंतरसाठी ठेवली होती, ती लिहायला खरोखर फारच थोडा वेळ लागला. काम किती लहान होतं हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. पेढीतल्या सगळ्यांना आता पुन्हा आपापला पासवर्ड घालून यावं लागणार होतं. ज्यांची खाती चालू होती ते येतील. अलका वाघ येऊ शकणार नव्हती. कुठूनच नाही.

निघताना सक्सेनांचा फोन आला. “मिल गया आपका लेटर. बढ़िया, एकदम साफ़ लिखा है.” मग जरा घसा खाकरून, “मैडम को थाने बुला लिया है. बयान के लिए. शाम की ड्यूटी पे आई थीं, अभी हमारे सामने ही ले गए. बेचारी. नसीब है.” मागे कुणीतरी चहा विचारत होतं. सक्सेना कुणाला तरी म्हणाले, हाँ, दो कट चाय.

जवाहर चौकात संक्रांतीची गर्दी होती. हलव्याच्या दागिन्यांच्या दुकानापुढे नव्या सुनांना घेऊन आलेल्या सासवा उभ्या होत्या. पहिल्या संक्रांतीच्या काळ्या साडीतल्या एका मुलीला दुकानदार नाव विचारत होता, डब्यावर घालायला. ती बोलायच्या आत सासूनं सांगितलं. उदयनं आईनं सांगितलेले तीळ घेतले आणि तो घरी आला.

आई खिडकीपाशी उरल्यासुरल्या उजेडात सुपात तीळ निवडत बसली होती. आधीच आणलेले असावेत. पाठ त्याच्याकडे. हल्ली तिला ऐकू कमी येई. तो दारात उभा राहिला, आणि कशासाठी ते न कळता, अगदी हळू म्हणाला, “लीला.”

सुपावरचा हात थांबला. ती वळली नाही. “ते नाव तुझ्या तोंडी नको,” ती म्हणाली. रागानं नव्हे. “कुसुम गेली तेव्हाच ते संपलं. तुला काय करायचंय त्याचं?”

“सहज.”

“सहज नको घेऊ.” तिनं खडा वेचून बाजूला टाकला. “बस. तोंड का असं झालंय?”

तो तिच्यासमोर खाली बसला, पिशवीतले तीळ त्यानं ताटात ओतले आणि निवडू लागला. पांढऱ्यातून पांढरा खडा शोधायला बोटांनाच जास्त कळतं, डोळ्यांना नाही. थोडा वेळ बरं वाटलं. मग खिशात फोन थरथरला. प्रणालीचा इशारा होता. नवी चावी लावताना त्यानंच ठेवलेला, जुनं टोकन घेऊन कुणी आलं तर कळवावं म्हणून. त्यानं तो वाचला. पिशवी देण्याच्या काउंटरवरून विनंती आली होती, पडताळणीसाठी. सही जुन्या चावीची, म्हणून नाकारली होती. नाव अलका वाघ. पाठोपाठ दुसरी ओळ आली, पुन्हा तेच नाव, पुन्हा नकार; जो कोणी होता तो पुन्हा दाबून बघत होता. मग तिसरी. मग काही नाही.

ती या वेळी ठाण्यातल्या बाकावर बसलेली होती. मोहरी रंगाची शाल. काउंटरवर दुसरंच कुणीतरी होतं, त्याच खुर्चीत, त्याच सवयीनं अलकाला बोलावत होतं, आणि अलका पहिल्यांदाच येत नव्हती. हे तीन ओळींत लिहिलेलं होतं, वेळेसकट. जिन्यावर तिनं जे मागितलं होतं ते सगळं इथे होतं, आणि ते कुणालाही समजलं असतं, पुराने ज़माने के आदमीलाही. असे इशारे काही दिवस राहतात, मग नवे जुन्यांवर चढत जातात आणि ते पुसले जातात. तेही त्यानंच ठरवलं होतं. अध्यक्षांचा नंबर त्याच फोनमध्ये होता, मघाच्याच जागी. त्याच्या अंगठ्याला एक तीळ चिकटला होता, तो पडद्यावर पडला आणि तिथेच राहिला.

“कोण होतं रे?” आईनं विचारलं.

त्यानं फोन उपडा करून जमिनीवर ठेवला. ताट पुढे ओढलं.

“कुणी नाही,” तो म्हणाला.